हॅरिएटवर लिहिणाऱ्या मुलीस

प्रिय पोरी,

तुझं टिपण मिळालं, सावकाश वाचलं. उत्तराला उशीर झाला, कारण पुस्तक पुन्हा हातात घेऊन, तू खुणा केलेली प्रकरणं परत वाचूनच लिहायचं ठरवलं होतं.

हॅरिएट जेकब्ज तू निवडलीस याचा मला मनापासून आनंद झाला. अमेरिकेतल्या गुलामीतून सुटलेल्या माणसांच्या आत्मकथा म्हटलं की फ्रेडरिक डग्लसचं नाव आधी निघतं, आणि ते योग्यच आहे. पण १८६१ साली बॉस्टनमध्ये छापलेलं हे पुस्तक, ‘इन्सिडन्ट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल’, एका बाईचं आहे. मालकाची वासना, मालकिणीचा जळफळाट, पोटची पोरं कायद्याने मालकाची मालमत्ता ठरणं, या गोष्टी पुरुषांच्या आत्मकथांत बऱ्याचदा कडेकडेने येतात. इथं त्या मधोमध आहेत.

आता तुझ्या लिखाणाकडे येते. पोटमाळ्याचं प्रकरण वाचून रडू आलं, बराच वेळ काही सुचलं नाही, असं तू लिहिलं आहेस. ते खरं आहे, ते टिपणात राहू दे. माझी तक्रार पुढच्या भागाबद्दल आहे. तिला छळलं गेलं, तिला लपून राहावं लागलं, तिला विकत घेतलं गेलं, अशीच सगळी वाक्यं आहेत. पानभर मजकुरात हॅरिएट स्वतःहून काहीच करत नाही. सगळं तिच्यावर कोसळतं. पुस्तक पुन्हा उघड आणि बघ, ही बाई सतत काहीतरी ठरवते आहे. कधी अंदाज बांधते, कधी डाव टाकते, आणि काय सांगायचं, काय झाकायचं याचा हिशेब तर शेवटपर्यंत ठेवते. तुझ्या रडण्यात ही ठरवणारी बाई दिसेनाशी झाली आहे.

पोटमाळ्याचंच घे. नॉर्थ कॅरोलायनातलं इडन्टन गाव. आजीच्या घराला लागून एक कोठीची खोली, तिच्या छपराखाली नऊ फूट लांब, सात फूट रुंद जागा, आणि सगळ्यात उंच भागात उंची अवघी तीन फूट. बसून ताठ होता येत नाही, कूस बदलताना छप्पर लागतं. १८३५ ते १८४२, जवळजवळ सात वर्षं ती तिथं राहिली. तू हे आकडे दिलेस आणि पुढे गेलीस. जरा थांब. तिथं ती काय करते? अंधारात चाचपडताना तिला एक गिरमिट सापडतं. त्याने ती भिंतीला एकाखाली एक भोकांच्या ओळी पाडते, मग भोकांमधलं लाकूड कोरून काढते आणि इंचभर लांब, इंचभर रुंद अशी फट तयार करते. त्या फटीतून सकाळी रस्त्यावर पहिला माणूस दिसतो तो नेमका तो डॉक्टर, ज्याच्या घरात ती गुलाम होती आणि जो तिला शोधतोय. तिला तो अपशकुन वाटतो. नंतर मुलांचं हसू ऐकू येतं. दोन चिमुकले चेहरे वर बघतात. आई तिथंच आहे हे त्यांना माहीत नाही. हे तिने लिहिलं आहे, आणि याच क्रमाने लिहिलं आहे: आधी शत्रू, मग मुलं. लेखिका म्हणून तिने हा क्रम का ठेवला असेल, यावर तुझ्याकडून एक परिच्छेद मला वाचायचा आहे.

ती का पळाली, हेही टिपणात नीट आलेलं नाही. छळ असह्य झाला म्हणून पळाली, असं तू म्हणतेस. छळ तर तिला पंधरावं वर्ष लागल्यापासून चालू होता. ती पळाली तेव्हा तिची मुलं मळ्यावर आणून तिथल्या शिस्तीला लावायचा बेत झाला होता. तिने विचार केला की मी नाहीशी झाले, तर ही पोरं डॉक्टरला नुसती डोईजड होतील, तो ती विकायला काढेल आणि मुलांचा बाप, सँड्स, ती विकत घेऊ शकेल. आणि झालं तसंच. डॉक्टरने आधी मुलांना तुरुंगात टाकलं, मग एका गुलामांच्या व्यापाऱ्याला विकलं. तो व्यापारी आतून मुलांच्या बापासाठी आलेला होता, हे डॉक्टरला कळलं नाही. म्हणजे जी बाई जीव मुठीत धरून लपून बसली होती, तिचा डाव साधला होता. सुटका मात्र पुरी झाली नाही. बापाने मुलं घेतली, पण मुक्ततेचे कागद करायला त्याने टाळाटाळ केली. तोच पुढे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेला.

आणि पत्रांचं प्रकरण! तुझ्या टिपणात त्याचा उल्लेखच नाही याचं मला फार आश्चर्य वाटलं. माळ्यावर बसून ती डॉक्टरला पत्रं लिहिते, जणू ती उत्तरेत पोचली आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांची नावं तिला माहीत नाहीत, म्हणून तिथल्या एका वर्तमानपत्राचा तुकडा मिळवते आणि त्यातून पत्ता उचलते. ते वर्तमानपत्र कृष्णवर्णीयांना सतत शिव्या घालणारं होतं. एकदा तरी ते आमच्या उपयोगी पडलं, असं ती नोंदवते. पत्र विश्वासातल्या खलाशाबरोबर जातं आणि न्यूयॉर्कच्या टपालाचा शिक्का घेऊन परत येतं. डॉक्टर ते घेऊन आजीकडे येतो, आणि खरं पत्र न वाचता स्वतः रचलेलं खोटं पत्र आजीला वाचून दाखवतो. हॅरिएट हे सगळं आडून ऐकते आहे. सगळी सत्ता हातात असलेला माणूस खोटं पत्र रचतोय, आणि जिच्याकडे काहीच नाही ती त्याच्या काही हातांवर बसून ते ऐकतेय. हा प्रसंग वाचताना मला दया येत नाही. मी थक्क होते.

तू जिथं घाईने पुढे गेलीस ती जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तू लिहिलं आहेस, ‘सँड्सशी तिने संबंध ठेवला हे मला पटलं नाही, पण परिस्थितीच तशी होती.’ एका ओळीत तू तिला दोषही दिलास आणि माफही केलंस. मला यातलं काहीच नको आहे. त्या प्रकरणात ती स्वतः काय म्हणते ते बघ. डॉक्टर गावाबाहेर तिच्यासाठी घर बांधतोय. त्या घरात गेलं की सुटका नाही, हे तिला कळतं. तेव्हा ती एका अविवाहित गोऱ्या वकिलाला जवळ करते. त्यामागे थोडी ओढ आहे, थोडा सुखावलेला अहंकार आहे, डॉक्टरवरचा सूड आहे, आणि आपल्या मुलांचा बाप निदान त्यांना सोडवेल ही आशा आहे. मी हे समजूनउमजून, हिशेब करून केलं, असं ती सांगते. त्याच पानांवर ती सद्वर्तनी वाचकांची क्षमा मागते, आणि लगेच म्हणते की गुलाम बाईला इतर बायकांच्या मापाने मोजू नये. लाज आणि आव्हान एकाच बाईच्या तोंडून, लागोपाठ. तिचे वाचक म्हणजे उत्तरेकडच्या घरंदाज गोऱ्या बायका. त्यांना हे सांगायला केवढी छाती लागली असेल. तुझी अस्वस्थता लिही, ती खोडू नकोस. पण ‘परिस्थितीच तशी होती’ म्हणून तिच्या हातातला निर्णय काढून घेऊ नकोस. तो निर्णय तिच्याकडे असलेल्या अगदी थोड्या गोष्टींपैकी एक होता.

त्याच प्रकरणात आजी आहे. नातीच्या बोटांतली मरून गेलेल्या आईची लग्नाची अंगठी आणि चांदीचं अंगुस्तान ती हिसकावून घेते आणि घराबाहेर जा म्हणते. तिला घडवणाऱ्या माणसानेच तिला दूर लोटलं. पुढे आजी परत जवळ घेते, पण ‘माफ केलं’ असं म्हणत नाही. नुसतं ‘बिचारं पोर’ म्हणते आणि रडते. ‘माफ केलं’ हे शब्द आजीच्या तोंडी घालणं हॅरिएटला सहज जमलं असतं. तिने ते घातले नाहीत. अशा जागांवरून मला लेखिकेचा खरेपणा ओळखू येतो.

आजीच्या पैशांची गोष्ट तू छान टिपली आहेस. दिवसभर मालकिणीचं काम करून मध्यरात्री बिस्किटं भाजायची, ती विकून मुलांना सोडवण्यासाठी तीनशे डॉलर साठवायचे, आणि ते मालकिणीला उसने द्यायचे. मालकीण मेल्यावर डॉक्टरने सांगितलं की गुलामाचं येणं कायद्याला मान्य नाही. त्या पैशांतून घेतलेलं चांदीचं शमादान मात्र घरात राहिलं. आता याला आणखी दोन गोष्टी जोड. पुस्तकात हॅरिएटला पकडून देणाऱ्याला जाहीर केलेलं बक्षीस तीनशे डॉलर आहे. आणि १८५२ साली न्यूयॉर्कमध्ये ज्यांच्याकडे ती मुलं सांभाळायची त्या विलिस बाईंनी तिला मोकळं करण्यासाठी मोजले तेही तीनशेच. एकच रक्कम तीन ठिकाणी. आपल्याला विकत घेऊन सोडवावं हे हॅरिएटला नको होतं. मी कुणाची वस्तू नाही, मग माझी किंमत का मोजायची, असं तिचं म्हणणं होतं. सोडवणाऱ्या बाईवर तिची माया होती, आणि ते खरेदीखत तिला बोचत राहिलं. या दोन्ही गोष्टी तिने लिहून ठेवल्या. ‘अखेर ती स्वतंत्र झाली’ हे तुझं वाक्य या प्रसंगाजवळ आणून ठेव आणि बघ, तसंच टिकतं का.

एक कागद तुला दाखवायचा आहे, तो पुस्तकात नाही. डॉक्टरचं खरं नाव जेम्स नॉरकॉम. हॅरिएट पळाल्यावर १८३५च्या उन्हाळ्यात त्याने व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. खरं बक्षीस शंभर डॉलर. त्यात वर्णन आहे: वय २१, उंची पाच फूट चार इंच, दाट काळे कुरळे केस, चांगलं शिवणकाम येतं म्हणून कपडे नीटनेटके, बोलणं सहज आणि अस्खलित. शेवटी लिहिलं आहे की ही मुलगी माझ्या मुलाच्या मळ्यावरून कोणत्याही ज्ञात कारणावाचून पळाली. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला होता. ज्या माणसाने वर्षानुवर्षं तिचा पिच्छा पुरवला, त्याने छापील कागदावर सांगून टाकलं की कारण नाही. तिचं सगळं पुस्तक म्हणजे त्या एका वाक्याला दिलेलं उत्तर आहे, असं मी वाचते. आणि तिचं बोलणं अस्खलित आहे, ही साक्ष त्याच जाहिरातीत आहे.

तरीही लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही, हे तुला माहीत असायला हवं. पुस्तकावर तिचं नाव नव्हतं. लिंडा ब्रेंट या नावाने ती बोलते. संपादक म्हणून लिडिया मारिया चाइल्ड यांचं नाव होतं. पुढे शतकभर अनेक अभ्यासक ही चाइल्डबाईंनी रचलेली कादंबरीच धरत होते: इतकं बांधीव, इतकं नाट्यमय, गुलाम बाई कुठली लिहायला! जीन फेगन येलिन यांनी रॉचेस्टरच्या एमी पोस्ट या मैत्रिणीला हॅरिएटने लिहिलेली पत्रं धुंडाळली, इडन्टनमधले कागद ताडून पाहिले, माणसांची खरी नावं लावली, आणि १९८७ साली सटीप आवृत्ती काढून हे पुस्तक तिचंच असल्याचं सिद्ध केलं. स्वतः चाइल्डबाईंनी एका पत्रात सांगून ठेवलं होतं की सबंध पुस्तकात मी पन्नास शब्दही बदलले नसतील. ते कुणी मनावर घेतलं नव्हतं.

त्याच पत्रांत ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो यांच्याशी झालेला खटका आहे. एमी पोस्टने जेकब्जची हकिगत त्यांना मोठ्या विश्वासाने कळवली होती. स्टोबाईंनी ते पत्र परस्पर विलिसबाईंकडे पाठवलं, हे खरं आहे का विचारायला. ज्या घरात जेकब्ज नोकरी करत होती, तिथल्या बाईंना मुलांच्या बापाविषयी तोवर काही माहीत नव्हतं. शिवाय ही कहाणी आपल्या पुस्तकात घालायची स्टोबाईंची तयारी होती. जेकब्ज दुखावली आणि तिने ठरवलं की आपलं आपण लिहायचं. मग दिवसभर लोकांची मुलं सांभाळून, रात्री चोरून, वर्षानुवर्षं ती लिहीत राहिली. घरच्या यजमानाला तिने काही कळू दिलं नाही. गुलामीच्या बाबतीत त्याच्यावर तिचा भरवसा नव्हता.

‘मला हिच्याबद्दल लिहायचा काय अधिकार?’ असं तू विचारलं आहेस. तुझा प्रश्न प्रामाणिक आहे. माझं उत्तर असं की तिने हे पुस्तक तिच्यासारखं काही न भोगलेल्या वाचकांसाठीच लिहिलं. १८५०च्या कायद्याने उत्तरेतल्या माणसांनाही पळालेल्या गुलामांना पकडून द्यायला मदत करणं भाग होतं. त्या वाचकांनी ओळखावं की आपण यात आहोत, हे तिला हवं होतं. बाहेरच्या माणसाने वाचावं, लिहावं. फक्त तिची गोष्ट आपल्या कामाला जुंपू नये. स्टोबाईंकडून तेच घडत होतं, आणि चांगल्या हेतूने घडत होतं. तू टिपणाच्या शेवटी तुझ्या ऑफिसातल्या त्रासाबद्दल लिहिलं आहेस. तो त्रास खरा आहे, त्याच्यावर आपण वेगळं बोलू, मला फोन कर. पण त्याची आणि नऊ फुटांच्या माळ्याची एका परिच्छेदात गाठ घालू नकोस. तो भाग काढ.

‘आपल्याकडेही हेच होतं’ या वाक्याबद्दलही थोडं. ‘हेच’ लिहून मोकळं होता येणार नाही. अमेरिकेत माणूस लिलावाच्या चौथऱ्यावर उभा करून विकला जायचा आणि मूल आईच्या दर्जाला जायचं, म्हणून मालकाने केलेला बलात्कार त्याची मालमत्ता वाढवायचा. जातीचा जाच वेगळ्या मार्गाने चालतो, त्याचे कायदे आणि शिक्षा वेगळ्या. पण या दोन दुःखांना शेजारी बसवणारा आपल्याकडचा पहिला मोठा माणूस तुला माहीतच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा ही आशा धरून. तेव्हा हॅरिएट जेकब्ज जिवंत होती. साठीच्या घरात होती. आणखी मागे जा. ज्या वर्षांत ती रात्री जागून लिहीत होती, त्याच वर्षांत, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताने मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापला. दोघींना एकमेकींची गंधवार्ता नाही. दोघी स्वतःच्या माणसांविषयी स्वतः लिहितायत, आणि पुढे कितीतरी काळ त्यांना फारसं कुणी वाचत नाही. तुला जोडायचंच असेल तर इथं जोड. दोन मजकूर समोर ठेव, दुःख कुणाचं मोठं याची तुलना करू नकोस. कोण कुणाला उद्देशून बोलतंय, धर्माचं नाव घेऊन काय विचारतंय, ते बघ. मुक्ताचा निबंध लहान आहे, एका बैठकीत होईल.

आणि पुस्तक संपलं तिथं हॅरिएट संपली असं समजू नकोस. ते छापलं त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. गुलामीतून निसटून आलेले लोक वॉशिंग्टन आणि व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात गोळा होत होते; ना अन्न, ना कपडे, वर रोगराई. ही तिथं जाऊन राहिली, त्यांच्यात काम केलं. १८६४च्या जानेवारीत अलेक्झांड्रियात शाळा निघाली तेव्हा ती कुणी चालवायची यावरून वाद झाला. गोऱ्या शिक्षकांना ती आपल्या हाती हवी होती. मुक्त झालेल्या लोकांनी ठरवलं की शाळा आमची, शिकवणाऱ्याही आमच्यातल्या. त्या शाळेला जेकब्जचं नाव मिळालं, आणि शिकवणाऱ्यांत तिची मुलगी लुइझा होती, लहानपणी त्या इंचभर फटीतून दिसायची तीच. १८९७ साली वॉशिंग्टनमध्ये हॅरिएट वारली.

टिपण नव्याने लिहिताना सुरुवात कुठून करावी, असंही तू विचारलं होतंस. माझ्या मनात पत्रांचं प्रकरण आहे, पण तुला अंगुस्तानापासून करावीशी वाटली तर तसं कर. जिथं तुझं तिच्याशी पटलं नाही ती जागा गाळू नकोस, आणि लांबीची काळजी आत्ता करू नकोस, कापायला आपण दोघी बसू. महिनाअखेरपर्यंत पाठवलंस तर मला नीट वाचायला वेळ मिळेल. मुक्ताच्या निबंधाची प्रत सोबत ठेवली आहे.

तुझी,
ताई